खिडक्या उघड्या ठेवून

आमच्या वीज कार्यालयात वर्षानुवर्षं संप झालेला नाही. गेटवर साधी घोषणाबाजीही नाही. याचं श्रेय लोक मला देतात, कारण मी संघटनेचा सचिव. साहेब आणि सचिव मिळून सगळं सोडवतात, असं म्हणतात. खरंच सोडवतो. कुठे, ते मात्र मी कधी बोललो नाही.

कार्यालय कोथरूडला. बैठकीच्या आदल्या दिवशी साहेब आणि मी शनिवार पेठेतल्या एका अमृततुल्यात चहाला बसतो. तिकडे आमचं कुणी फिरकत नाही. कोणती मागणी मान्य, कोणती पुढे ढकलायची, मी टेबलावर हात कधी आपटायचा, सगळं तिथे ठरतं. "खिडक्या उघड्या ठेवू," साहेब म्हणतात, "तुमच्या लोकांपर्यंत आवाज जायला नको का?" दुसऱ्या दिवशी मी ओरडतो, साहेब चिडतात, मग "बसा हो, बसा" म्हणतात. व्हरांड्यातली माणसं खूश. मला यात गैर वाटायचं नाही. भांडण आटोक्यात राहतं, कामं होतात.

आमच्यात एक लाइनमन आहे, महापालिकेच्या हद्दीत नव्याने आलेल्या गावातला, माझ्याच वयाचा. मागे एकदा खांबावर त्याला चक्कर आली. पट्टा होता म्हणून नुसता लटकला. तेव्हापासून वर चढलं की डोळ्यांपुढे अंधारतं. त्याचं मागणं एकच: "मला खालचं काम द्या. तक्रारी घेतो, मीटर बघतो. वर नगं."

मी ते चहावर काढलं. साहेब म्हणाले, "एकाला खाली घेतलं की उद्या सगळ्यांना चक्कर यायला लागेल. चढणारी माणसं आहेत कुठे आपल्याकडे? त्यापेक्षा साप्ताहिक सुट्टीचं पक्कं करून देतो. त्याचं पुढच्या वेळी बघू."

सुट्टी सगळ्यांना हवी होती. मी मान हलवली.

बैठकीत त्याच्यासाठी ठरल्याप्रमाणे हात आपटला, खुर्ची मागे सारून उठलोही. बाहेर आलो तर तो दाराशीच उभा. माझा हात धरून म्हणाला, "न्हाई झालं तर न्हाई. पण माझ्यापायी एवढं कुणी भांडलं नव्हतं."

पुढच्या वेळीही त्याचं पुढेच गेलं. मग गेल्या बैठकीत मी ठरलेलं सोडलं. "याला आजच खाली घ्या, नाहीतर उद्यापासून एकही माणूस खांबावर चढणार नाही!" माझा आवाज कापत होता. साहेबांनी क्षणभर पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर चक्क कौतुक आलं. "बसा हो, बसा."

नंतर जिन्यात हळूच म्हणाले, "काय रंगलं होतं आज! आधी सांगायचंत, मीही तयारीने आलो असतो."

"साहेब, मी खरंच बोलत होतो."

"हो, हो. तसंच वाटायला हवं."

माणसांकडे गेलो. काम बंद करू या म्हणालो. सगळे हसले. "अहो, तुम्ही आहात की भांडायला. आम्हाला कशाला उन्हात उभं करता?" त्यांना तरी काय बोलणार? स्वतः भांडायची त्यांची सवय मीच मोडली होती.

परवा तो तक्रारीवर निघाला तेव्हा मी सोबत गेलो आणि शिडी धरली.

"आवं, तुमी कशाला? हेल्पर हाय की."

"असू दे."

अर्ध्यावर तो थांबला. डोळे मिटून खांबाला मिठी मारली. मी म्हणालो, "उतर खाली."

"उतरून कुठं जाऊ? तुमी बघताय न्हवं, हुईल पुढच्या बैठकीत."

त्याच क्षणी त्याला अमृततुल्याचं सांगून टाकावं असं वाटलं. पण वर चढलेल्या माणसाला असलं काही कसं सांगायचं? तो पुढची पायरी चढला. मी दोन्ही हातांनी धरलेली शिडी हलतच होती.