रुमालाखालचे नऊ गाळे

कंत्राटदाराने मला फसवलं आणि माझ्या भरवशावर बसलेली आमची अख्खी बारदाना गल्ली फसली. एवढं आधी सरळ लिहून टाकतो, कारण रिसोडात ही गोष्ट उलटी सांगतात. म्हणतात, गल्ली मी विकली.

बारदाना म्हणजे पोती. बाजार समितीत सोयाबीन, तूर, हळद उतरली की फाटकी पोती आमच्या गल्लीत यायची. झटकायची, निवडायची, थिगळं लावायची, सुतळीने शिवायची आणि पुन्हा अडत्यांकडे पाठवायची. आमनेसामने घरं. त्यातली नऊ घरं याच धंद्यावर जगत होती. बायका ओट्यावर पाय लांब करून बसायच्या, मांडीवर पोतं, दातात सुतळी, हातात दाभण. दुपारपर्यंत सगळ्यांच्या पापण्या धुळीने पांढऱ्या व्हायच्या. बाहेरचा माणूस गल्लीत शिरला की आधी शिंकायचा. आमच्यातलं कोणी शिंकत नसे.

मी केनवडहून आलो तेव्हा लग्नाला वर्षही झालं नव्हतं. शेती भावांच्या वाटणीत गेली होती आणि माझ्याकडे फक्त आवाज होता, मोठा. भाड्याच्या खोलीसमोर एक बाई पोती शिवायची. नवरा यार्डात हमाल. तिला सगळी गल्ली मावशी म्हणायची, मीही म्हणू लागलो. पहिल्या दिवशी मी पोत्यांचा एक गठ्ठा घेऊन आलो आणि फुशारकीने तिच्यासमोर टाकला. तिने पोत्याच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. उलटं केलं, बुडात हात घातला आणि तिची चार बोटं आरपार बाहेर आली.

“तोंड पाहून घेतलं ना?” ती म्हणाली. “लेका, पोतं बुडाकडून सडते. तोंड तर सगळ्यायचंच चांगलं असते.”

त्या एका वाक्यावर मी धंदा उभा केला. पोत्याच्या वासावरून त्यात हळद होती की खत, हे मी डोळे मिटून सांगू लागलो. अडत्यांशी भांडून भाव पाडू लागलो. माझा आवाज चौकापर्यंत जायचा. शेजारी गाद्या भरणारे चाचा होते, ते पिंजण थांबवून म्हणायचे, “सेठ, जरा थांबा. तुमचा आवाज अन् माझी पिंजण दोन्ही मिळून गल्लीत कापूसच कापूस उडून राह्यला.” मी त्यांच्यावरही ओरडायचो. ते हसून पुन्हा तार छेडायचे.

गल्लीच्या मधोमध कडुलिंब होता. कोणी वारलं की नऊही घरांतली दाभणं त्या खोडात टोचायची आणि तिसरा दिवस होईपर्यंत कोणी काढायची नाहीत. पोतं शिवायचं नाही, म्हणजे नाही. हे कोणी सुरू केलं ते कोणालाच माहीत नव्हतं. मावशीचा नवरा गेला तेव्हा भर सोयाबीनचा हंगाम होता. अडत्याचा माणूस सायकलवर आला आणि पोती दे म्हणून ओरडू लागला. मी त्याला हाताला धरून झाडाजवळ नेलं. खोडात दाभणं चमकत होती. हिंदू घरांची, मावशीच्या बौद्ध घराची, सगळी एकाच उंचीवर, कारण टोचणाऱ्या बायका साधारण एकाच उंचीच्या होत्या. चाचांनी पिंजणीची तार उतरवून ठेवली होती. मी म्हटलं, “हे काढून दाखव, मग पोती देतो.” तो सायकल वळवून गेला. तो अडत्या आमचा कायमचा तुटला. मला त्याचं काही वाटलं नाही. मावशी आतून ऐकत होती.

जागा आमची नव्हती. अकोल्याला राहणारे मालक होते, भाडं नावालाच. म्हातारे मालक गेले आणि त्यांच्या मुलाने सगळी जागा एका कंत्राटदाराला विकली. हा कंत्राटदार आधी जनावरांच्या बाजारात दलाली करायचा. मंगरूळपीरपासून रिसोडपर्यंत एकही बाजार त्याने सोडला नव्हता. त्याला तिथे तीन मजली इमारत बांधायची होती, खाली दुकानं, वर खोल्या. रिकामं करून द्या, प्रत्येकाला गाळा देतो, असा त्याचा निरोप आला.

गाळा कुठे, हा खरा प्रश्न होता. पोत्यांचं काम वरच्या मजल्यावर होत नाही. गठ्ठा पाठीवर घेऊन जिना चढणारे हमाल आता पन्नाशीच्या पुढे गेले होते. हातगाडी दारात लागली पाहिजे, झटकायला रस्ता पाहिजे. खाली गाळा मिळाला तर बारदाना गल्ली राहणार होती. वर मिळाला तर संपली. नऊ घरांना नऊ गाळे, तळमजल्यावर, शेजारीशेजारी. एवढंच मागायचं होतं आणि मागायला सगळ्यांनी मला पुढे केलं. रिसोडात माझ्याइतका सौदा कोणाला जमत नाही, असं तेव्हा म्हणायचे. मीही म्हणायचो.

आदल्या दिवशी मावशी ओट्यावरूनच म्हणाली, “सही घेजो बाप्पा. कागदावर घेजो. आमी लिहून घेतल्याबिगर कोणाच्या सावलीतही बसत नाई.”

“मावशी, मले सौदा शिकवून राह्यली काय?” मी म्हटलं.

“तुले पोत्याचं बूड पाह्यला मीच शिकवलं.”

ती हसत म्हणाली होती. पण आजूबाजूला चार बाया होत्या, त्याही हसल्या आणि माझं डोकं फिरलं. मी जे बोललो ते इथे लिहीत नाही. तिने सुतळी दातात धरली आणि मान खाली घालून पोतं शिवत राहिली. चाचा पिंजण सोडून उठून आले, मला खांद्याला धरून बाजूला नेलं आणि म्हणाले, “बुढी है, सेठ. मां की उमर की है.” मी त्यांचाही हात झटकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कंत्राटदार आला. कडुलिंबाखाली खुर्च्या टाकल्या. गल्ली सगळी गोळा झाली. मी म्हटलं, नऊ. तो म्हणाला, “भाऊ, गाळ्यायचं असं उघड्यावर नका बोलू. बाकीचे भाडेकरू ऐकतीन, मंग मले सगळेच खाली मागतीन. आपण जुने बाजारवाले. रुमाल टाकू.”

ज्यांनी जनावरांचा बाजार पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा. खाली एकाने दुसऱ्याची बोटं दाबायची. जितकी बोटं दाबली तितका आकडा. तोंडाने कोणी बोलायचं नाही. पटलं की पंजा आवळायचा आणि रुमाल काढायचा. आकडा त्या दोघांतच राहतो, आणि व्यवहार पुरा होईपर्यंत कोणी तो फोडत नाही. या पद्धतीने माझ्यासमोर हजारो बैल विकले गेले. फिरलेला माणूस मी पाहिला नव्हता. जो फिरतो त्याच्या हातावर पुन्हा कोणी रुमाल टाकत नाही.

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू. एवढा मोठा कंत्राटदार मला बरोबरीचा समजून हात पुढे करत होता आणि गल्ली बघत होती. मी खांद्यावरचा रुमाल काढून टाकला. पंजा पूर्ण दाबला, मग चार बोटं. नऊ. त्याने तीन दाबली. मी मान हलवून पुन्हा नऊ. त्याने पाच दाबली. मी हात सोडायला लागलो. त्याने माझा हात धरून ठेवला, माझ्याकडे पाहिलं आणि दाबलं. पंजा आणि चार बोटं. मग आवळला. त्याच्या करंगळीतली अंगठी मला टोचली, ती जागा मला आजही दाखवता येईल.

रुमाल काढला. लोकांनी विचारलं, “काय झालं?” मी म्हटलं, “काम झालं.” बायांनी टाळ्या वाजवल्या. मावशीने वाजवल्या नाहीत. ती झाडाच्या पलीकडे उभी होती, पदर डोक्यावर घेऊन. मी तिच्याकडे जाऊन एक शब्द बोललो असतो तरी तिने मला पुन्हा कागदाची आठवण केली असती. मी गेलो नाही.

घरं पडली. कडुलिंबही गेला. इमारत उभी राहिली. चाव्या वाटायच्या दिवशी कंत्राटदाराने कागद वाचला. तळमजल्यावर आमचे गाळे तीन. एक माझा, कोपऱ्यावरचा, सगळ्यांत मोठा. बाकीच्या सहा घरांना दुसरा मजला, त्यात मावशी. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “नऊ ठरले होते.”

तो शांतपणे म्हणाला, “तीन दाबली होती, भाऊ. तुमीच तर आवळला पंजा. भुलले काय?” आणि लोकांकडे वळून म्हणाला, “कोणी पाह्यलं असन तर सांगा बाप्पा. मले काई हरकत नाई.”

कोणी पाहिलं नव्हतं. रुमाल माझाच होता.

मी त्याच्या थोबाडीत मारली. ती माझी दुसरी चूक. पहिली मावशीवर ओरडलो ती. चार मोठी माणसं बसली, तेव्हा नऊचा आणि तीनचा विषयच निघाला नाही. विषय फक्त थापडीचा. हात कोणी उचलला? मी. माफी कोणी मागायची? मी. मी मागितली. माफी मागणारा माणूस खरा असतो, असं कोणाला वाटेल? कोपऱ्यावरचा गाळा माझ्या नावावर होताच. लोकांनी हिशेब करून घेतला. चाचा तेवढं म्हणाले, “मैं जानता हूं, सेठ. तुम बेईमान नहीं हो. बस, गरम हो.” हे ऐकून मला जास्त लागलं.

गाळा मी नाकारायला पाहिजे होता, असं मला पुष्कळांनी आडून सुचवलं. मी नाकारला नाही. माझ्या घरातलीही माणसं पोत्यांवर जगत होती. मावशीला म्हटलं, तू माझ्या गाळ्यासमोर बस, शिव. ती म्हणाली, “तुया गिऱ्हाइकायले शिंका येतीन.” एवढं बोलून ती जिना चढू लागली. कठड्याला धरत, मधल्या वळणावर थांबत. महिनाभर तिने वरून दोर सोडून पोती खेचली. खालच्या कापड दुकानदाराने धूळ येते म्हणून तक्रार केली. दोर बंद झाला. मग तिची मुलगी, मंगरूळपीरला सरकारी कचेरीत आहे, येऊन तिला घेऊन गेली. निघताना मावशीने तिची दाभणं एका डब्यात घालून माझ्या गाळ्याच्या पायरीवर ठेवली. मी आत होतो. तिने हाक मारली नाही.

लोक मला सांगतात, धंदा तसाही मरणारच होता, आता प्लास्टिकची पोती आली. मरत होता, मेला नव्हता. मरत असलेल्या माणसाचा गळा दाबला तरी त्याला खूनच म्हणतात.

मागच्या उन्हाळ्यात मावशी गेली. मला निरोप उशिरा मिळाला. सकाळच्या एसटीने मंगरूळपीरला गेलो, खिशात तिच्याच डब्यातलं एक दाभण. नवी वसाहत, सिमेंटचे रस्ते, एकही मोठं झाड नाही. दारात चपलांचा ढीग होता, पण आमच्या गल्लीतल्या नऊ घरांपैकी एकाचीही चप्पल नव्हती. कोणी पुसदला, कोणी वाशीमला, कोणी कुठे. मी दाराच्या लाकडी चौकटीत दाभण टोचलं. मुलीने पाहिलं, काढलं आणि माझ्या हातात दिलं.

“लेकरायले लागन, काका.”

मी खिशात ठेवलं. तिने चहा दिला. मग म्हणाली, “माय तुमचं नाव कधी वाईट घेत नव्हती. मी एकदा म्हटलं, जाऊन इचारते त्यायले, कागद काहून नाई घेतला म्हणून. तं मले म्हणे, नको इचारू. त्याच्यापाशी उत्तर नाई, अन् ते त्याले सहन होत नाई.”

मी कप खाली ठेवला. परतीच्या एसटीला निघालो. 

तेव्हाच ठरवलं की माझ्यापुरतं उत्तर मी लिहून देणार. मावशी, कागद मी घेतला नाही, कारण चार बायांसमोर तू खरं बोललीस आणि मला ते ऐकायचं नव्हतं. पोत्याचं बूड पाहणारा मी, माणसाचं तोंड पाहून फसलो. हे माझं. यात कोणाचा वाटा नाही.

पण दुसरं उत्तर माझं नाही. ते कंत्राटदाराकडे आहे आणि ते मी त्याच्याकडून घेणार आहे. तो हे वाचणार नाही, पण त्याला वाचून दाखवणारे त्याच्या ओट्यावर रोज बसतात. त्यांनी दाखवावं. येत्या बाजाराच्या दिवशी, सकाळी, जनावरं उभी असतात तिथे मी येतो. हात उचलणार नाही. ओरडणारही नाही. रुमाल आणणार नाही, तूही आणू नकोस. ज्यांच्यासमोर तू आयुष्यभर सौदे केलेस त्या सगळ्यांसमोर तुझा उजवा हात उघडा पुढे कर, तोच अंगठीचा, माझी बोटं धर, आणि त्या दिवशी कडुलिंबाखाली जितकी दाबली होतीस तितकी दाबून दाखव.

सांग, किती?