मामांचं सस्पेन्शन

अख्ख्या कोरेगाव तालुक्यातल्या खड्ड्यांना नावानिशी ओळखणारा माणूस एकच, आणि तो नेमका माझ्या वाट्याला सासरा म्हणून आला. आमच्याकडं सून सासऱ्याला मामा म्हणते, म्हणून मीही मामाच म्हणते. कोरेगावच्या सरकारी कचेरीत ते कारकून. रहिमतपूरहून रोजचं येणं-जाणं, आणि त्या वाटेवरच्या प्रत्येक खड्ड्याचं त्यांनी बारसं केलेलं. एक ‘जावई’, कारण कितीही बुजवून वाटेला लावला तरी दिवाळीला परत हजर. एक ‘सरपंच’, कारण त्याला वळसा घातल्याशिवाय कुणाचंच काम पुढं जात नाही. घरी आल्यावर चहा घेता घेता आम्हाला बातमी मिळायची, ‘‘सरपंच लय माजलाय. आज येष्टीलाबी आडवं घेतलं.’’ नवीन लग्न होऊन आलेली मी, मला वाटायचं गावात काहीतरी राजकारण तापलंय.

दुसरी खोड म्हणजे उभी गाडी दिसली की बॉनेटवर दोन्ही हात टेकून दणकन दाबायचं, आणि हात काढून मान तिरकी करून बघत राहायचं. ‘‘दाबल्यावर एकदा वर यायला पायजे आन गप बसाय पायजे. डुलली की समजायचं, शॉकप गेला.’’ गाडी कुणाची, हे बघायची पद्धतच नाही. शेजारच्या लग्नात त्यांनी फुलांनी सजवलेली नवरदेवाची गाडी पुढून-मागून दाबली, तर तिचा भोंगा सुरू झाला तो थांबेचना. बँडवाल्यांना वाटलं इशारा झाला, त्यांनीही सुरुवात केली, आणि नवरदेव आत दाढी करत असताना बाहेर वरात निघाली. मी लाजेनं मेले. मामा माझ्या कानाशी येऊन म्हणाले, ‘‘नवरीला सांग, मागं बसू नगं. मागचं दोनी गेल्यात.’’

आमची स्वतःची गाडी माझ्या नवऱ्याच्या शाळेपासूनची. पांढरी, पण आता तिला पांढरी म्हणायला मन मोठं लागतं. सगळ्यांनी सांगितलं, विका. मामा विकायचं सोडून तिचं सस्पेन्शन बदलायला निघाले, आणि यामागं अक्का होत्या. अक्का म्हणजे मामांची थोरली बहीण, माधवनगरला दिलेली. आई लवकर गेल्यावर मामांना त्यांनीच वाढवलं. अक्कांच्या पाठीच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी सांगितलं, दणका बसता कामा नये. रेल्वेनं यावं तर फलाटावरून डब्याची पायरी चढवत नाही. तेव्हापासून अक्कांचं माहेर तुटलं. फोनवर म्हणायच्या, ‘‘आता काय, फोटूतच बगायचं घर.’’ हे वाक्य मामांच्या जिव्हारी लागलं.

मग आमच्या घरात दुसरा विषय उरला नाही. साताऱ्याच्या मिस्त्रीनं आधी कडक स्प्रिंगा घातल्या, तर गाडी बेडकासारखी उड्या मारायला लागली. त्या काढून नरम घातल्या. नवे शॉकप, नवे रबरी बुश, चाकांत हवा जरा कमी. आणि चाचणीला मी! अक्कांच्या जागी, मागच्या सीटवर, मांडीवर काठोकाठ भरलेला तांब्या घेऊन. गाडी ‘जावया’वरून जायची, ‘सरपंचा’वरून जायची, आणि घरी आल्यावर मामा माझी साडी किती भिजली ते बघून मिस्त्रीला फोन लावायचे. सासूबाई शेवटी कडाडल्या, ‘‘आवं, सून काय भिजवाय आणलीया व्हय?’’ मामा शांतपणे म्हणाले, ‘‘कालच्यापरास कोरडी हाय.’’

एके दिवशी साडी खरंच कोरडी राहिली. मामा गाडीतून उतरले ते अंगणातूनच फोनवर ओरडायला लागले, कारण अक्कांना जरा कमी ऐकू येतं. ‘‘अक्का, सस्पेन्शन झालं! व्हय, पुरतं झालं! आता कसली काळजी न्हाई. ऐतवारी येतो!’’ पलीकडून अक्कांनी फोनच ठेवून दिला. मामा म्हणाले, आनंदानं बोलती बंद झाली असंल.

दुसऱ्या दिवशी दारात भाजीचा टेंपो थांबला. पुढच्या सीटवरून, कमरेला पट्टा बांधलेल्या अक्का ड्रायव्हरच्या खांद्याला धरून उतरल्या. मामांना बघताच त्यांनी त्यांचं तोंड दोन्ही हातांत धरलं. ‘‘घाबरू नगंस. मी आलीया. कुणाचं काय खाल्लंस रं?’’

‘‘म्या? काय खाल्लं?’’

‘‘पेन्शनीला आलास आन आता सस्पेन व्हय? चल, सायबाच्या पाया पडू. माझ्याकडं बगून तरी सोडंल.’’

सरकारी नोकराच्या घरात सस्पेन्शनला दुसरा अर्थ असतो हे आम्ही सगळेच विसरलो होतो. मामा कळवळून ओरडले, ‘‘आगं गाडीचं, अक्का! गाडीचं सस्पेन्शन!’’

अक्का बुचकळ्यात पडल्या. ‘‘गाडीला कुणी सस्पेन केलं?’’

आम्ही हसून हसून खाली बसलो. मामा मात्र हसले नाहीत. ते टेंपोच्या मागं गेले, वाकून खालचे स्प्रिंगचे पाटे बघून आले आणि पायरीवर बसले. ‘‘दगड हाय निस्ता, दगड. ह्याच्यात बसून आलीस तू?’’ म्हणाले, आणि उपरण्यानं डोळे पुसले.

आठ दिवस अक्का माहेरी राहिल्या. घर डोळे भरून बघितलं, सासूबाईंच्या आमटीला नावं ठेवली, आणि मग आम्ही त्यांना आमच्या गाडीतून सोडायला निघालो. मामा चालवत होते, मागं अक्का आणि मी. पुसेसावळी, कडेगाव, पलूस. मामा बैलगाडीलाही पुढं जाऊ देत होते. गाडी खरंच छान झाली होती, खोटं कशाला बोलू. पण टेंपोनं अक्कांच्या पाठीची वाट लावली होती, आणि दुखण्यावर फुलाचाही भार होतो. जरा कुठं चाक खाली गेलं की मामा विचारायचे, ‘‘अक्का, बसला का दणका?’’

‘‘छ्या! पाळण्यात बसल्यागत वाटतंय,’’ अक्का म्हणायच्या.

त्यानंतर डॉक्टरांनी त्यांचा प्रवास कायमचाच बंद केला. मामा अजून रविवारी सकाळी बॉनेट दाबून बघतात, चाकांतली हवा बघतात, आणि मागच्या सीटवर कुणी सामान ठेवलं तर चिडतात. आल्या-गेल्याला सांगतात, रहिमतपूर ते माधवनगर, अक्काला एक दणका बसला नाही. मी मान हलवते. त्या दिवशी प्रत्येक खड्ड्याला अक्कांनी माझा हात इतका घट्ट आवळला होता, की माधवनगरला उतरेपर्यंत माझ्या दोन बांगड्या पिचल्या होत्या.