पन्नास किलोंची सूट

ऐंशीचं दशक संपत आलं होतं, तेव्हाची गोष्ट सांगते. वाशीच्या कांदा-बटाटा बाजाराजवळ मालवाहतुकीच्या एका ऑफिसात मी नोकरीला होते. नवरा जाऊन तीन वर्षं झालेली, मूलबाळ नाही. आमच्या बिल्डिंगमधली अर्धी घरं कुलूपबंद. रविवारी तोंड उघडायचं ते फक्त दूधवाल्याशी.

म्हणून मी सोमवारची वाट बघायचे, खोटं कशाला बोलू. ऑफिसात माझ्या जोडीला जवळच्या खाडीकाठच्या करावे गावची एक बाई होती, रोजंदारीवर. नाशकाकडून कांद्याची गाडी निघताना तिथे वजन व्हायचं, इथे आली की पुन्हा आमच्या काट्यावर. दोन्ही वजनं तंतोतंत कधीच जुळायची नाहीत. कांदा वाटेत सुकतो ना. तेव्हा पन्नास किलोंपर्यंतचा फरक चालवून घ्यायचा, त्यावर गेला की गाडी अडवायची. मी आकडे मोठ्याने वाचायचे, ती समोरच्या यादीवर टिक करायची, आणि प्रत्येक गाडीवर काहीतरी शेरा मारायची. दिवस कसा जायचा कळायचंच नाही.

मग साहेबांनी कॉम्प्युटर आणला. येत कुणालाच नव्हता. मी डिक्शनरी घेऊन त्याचं जाडजूड पुस्तक वाचून काढलं आणि फॉर्म्युला बसवला: निघतानाच्या वजनातून इथलं वजन वजा करायचं, उत्तर पन्नासच्या आत असेल तर पुढे ओके. भराभर ओके उमटले. मी खूश. तिने पडद्यावर बोट ठेवलं.

“ताई, ही गाडी दोनशे किलोनी वाढलीय. आन तुजं मशीन बोलतंय ओके. वाटेत कांद्याला पोरं झाली का काय?”

आम्ही पोट धरून हसलो. चूक माझी होती. वजन वाढलं की उत्तर उणे यायचं, आणि उणे आकडा पन्नासहून लहानच. मग ते उणे चिन्ह काढून टाकायची युक्ती पुस्तकात शोधली, घातली. चूक तिने पकडलेली, पण साहेबांना दाखवताना तिचं नाव काही मी घेतलं नाही. त्यांनी विचारलं, आता या कामाला माणसं किती लागतील?

“एकच,” मी म्हटलं. केवढ्या रुबाबात म्हटलं.

शनिवारी तिला सांगण्यात आलं, सोमवारपासून येऊ नको. डबा पिशवीत भरत ती म्हणाली, “जाऊ दे ताई, खाडीत म्हावरा हाय आमचा.” माझ्याकडे बघितलं नाही.

पुढे अकरा वाजताच काम संपायला लागलं. मग दिवसभर गप्प बसायचं. शेवटी मी एक उद्योग केला. फॉर्म्युल्यातले ते पन्नास मी पडद्यावर वरच्या एका चौकोनात वेगळे लिहून ठेवले होते, म्हणजे सूट बदलायची तर तिथेच बदलता यावी. तिथे दहा लिहिले. निम्म्याहून जास्त गाड्या जुळेनात. साहेबांना जाऊन सांगितलं, यंदा फार घोळ आहे, एकटीला झेपत नाही, तिला परत बोलवा.

ते माझ्या टेबलाशी आले. त्या वरच्या चौकोनात जाऊन दहाचे पन्नास केले. गाड्या जुळल्या. तो चौकोन त्यांना मीच दाखवला होता, त्या रुबाबाच्या दिवशी.

“असं नका करू, बाई,” एवढंच म्हणाले, तेही हळू.

करावेला जाऊन तिला हे सांगावं असं फार वाटलं. पण तिचं घर कुठल्या आळीत, हे इतक्या वर्षांत मी विचारलंच नव्हतं.