सरांचा बडबडीवरचा लेख

"थोडक्यात सांगतो," असं म्हणून सर चष्मा पुसायला घ्यायचे, आणि आम्ही समजायचो, आता तासाभराची निश्चिंती.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मालाडच्या एका छापखान्यात मी प्रुफं तपासायचो. सर बोरिवलीचे, शाळेतून निवृत्त झालेले. त्यांच्या चर्चची मासिक पत्रिका आमच्याकडे छापली जायची. तिचे ते संपादक, लेखक आणि बहुधा एकमेव वाचक. म्हातारपणी हौसेने ग्रीक शिकले होते. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. नवं काही कळलं की दुसऱ्याला सांगितल्याशिवाय त्यांना घास उतरत नाही. चहावाल्यालाही ते 'चहा' हा शब्द कुठून आला ते सांगत बसायचे. तो म्हणायचा, "सर, कटिंग थंड होतंय ना."

एकदा त्यांनी बायबलमधल्या 'बत्तलोगेओ' या शब्दावर लेख आणला. प्रार्थना करताना बडबड करू नका, असं येशूने सांगितलंय, तिथला हा ग्रीक शब्द.

"बत्त-बत्त, बड-बड. आपल्या मराठी कानाला किती जवळचा आहे बघ," सर खुशीत म्हणाले.

"सर, फार बोलू नये यावर सतरा पानं?"

ते मनापासून हसले. "विषयच तसा आहे रे."

लेखाचे खिळे, म्हणजे शिशाची एकेक अक्षरं, दत्तू जुळवत होता. दत्तू रत्नागिरीकडचा. हात झपाझप चालायचा, पण बोलताना अडखळायचा, म्हणून बोलायचाच कमी. सर प्रुफं न्यायला आले तेव्हा तो हस्तलिखिताचं एक पान घेऊन उठून आला.

"स-सर, तुम्ही लिहिलंय, हा शब्द तो-तोतऱ्यावरून आला. आणि दे-देवाला असलं बोलणं आवडत नाही. ख-खरं?"

"काही विद्वान तसं मानतात," सर म्हणाले आणि थांबले. सरांना असं थांबलेलं मी प्रथमच पाहत होतो. त्यांनी पान मागून घेतलं, माझ्या टेबलाशी बसले आणि दुपारभर लिहीत-खोडत राहिले.

मग स्वतः दत्तूकडे गेले. "वाच. पटलं तरच जुळव."

लिहिलं होतं, 'शब्द कुठूनही आलेला असो, अडखळण्यात दोष नाही. मनात काही नसताना जीभ चालते, ती बडबड. अडखळणारा तर एकेक शब्द कष्टाने आणतो. आधी मी वेगळं लिहिलं होतं. ते चुकलं.'

दत्तूने दोनदा वाचलं. मग खिळे उचलायला लागला.

"बाकीची सोळा पानं?" मी विचारलं.

"ती राहू देत," सर म्हणाले. "ती चांगली आहेत."

त्यानंतर सर आले की आधी दत्तूजवळ स्टूल ओढून बसायचे. काहीतरी विचारायचे आणि उत्तर पुरं होईपर्यंत थांबायचे. मध्ये शब्द पुरवायचे नाहीत.

दोनेक वर्षांनी सर गेले. चर्चमध्ये शोकसभा होती. मोठ्या माणसांची भाषणं झाली, आणि मागच्या बाकावरून दत्तू उठला.

"स-सरांनी मा-माझ्यासाठी प-पान बदललं," तो म्हणाला. एवढं म्हणायला त्याला बराच वेळ लागला. कुणी खोकलंही नाही. मग तो खाली बसला.