एकही सिनेमा न गाळता

आप्पांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, काचबिंदू झालाय हे आम्हाला फार उशिरा कळलं. तोवर ते पालघरजवळच्या माहीममधल्या आमच्या बागायती वाडीत पानवेली बांधत होते, सायकल चालवत होते आणि दोनदा बांधावरून पडले तेव्हा दोन्ही वेळा चिखलाला दोष देऊन मोकळे झाले होते. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली सांभाळा. उरलेली म्हणजे एका डोळ्यात थोडासा धुरकट उजेड. घरातून ओट्यावर आणि ओट्यावरून वाडीत ते सरावाने जात. बाकीचा वेळ बसून असत.

मी बोईसरच्या एका औषध कारखान्यात प्रयोगशाळेत काम करते. माझे वडील नोकरीसाठी साताऱ्याकडून इकडे आले, मी सरावलीत वाढले, आणि पालघरला कॉलेजात असताना मला इंग्रजी सिनेमांचं वेड लागलं. लग्न होऊन माहीमला आले तेव्हा सासूबाई हयात नव्हत्या. नवऱ्याच्या शिफ्टा चालू असत. शुक्रवारी माझ्या कारखान्याला सुट्टी, त्यामुळे दुपारी घरात आप्पा आणि मी, दोघंच.

अशाच एका शुक्रवारी मी कानात इअरफोन घालून लॅपटॉपवर सिनेमा बघत होते आणि मला हसू फुटलं. आप्पा पलीकडे खुर्चीत बसले होते.

"काय हाय त्यात? एकटीच हसतेस. सांग की मला पन."

मी इअरफोन काढून ठेवला. "एक माणूस पेट्रोल पंपावर उभा आहे. आजूबाजूला सगळं वाळवंट. लांबून गाडी येतेय."

"गाडीत कोण हाय?"

"अजून दिसत नाही."

"गाडी तरी दिसते का?"

"नाही. धूळ दिसतेय."

"मंग तसं सांग ना! पहिली धूळ सांगायची."

त्या दिवशी मला सिनेमा सांगायची रीत कळली. दिग्दर्शक जे ज्या वेळी दाखवतो ते त्याच वेळी सांगायचं, आधी फोडायचं नाही. मी सिनेमा पुन्हा पहिल्यापासून लावला. संपल्यावर आप्पांनी विचारलं, "ह्या माणसाने अजून काय केलंय?"

तो त्या दिग्दर्शकाचा पहिला सिनेमा होता. हॉलिवूडमध्ये त्याने पुढे जवळजवळ पन्नास वर्षं काढली. त्याचं नाव इथे लिहीत नाही. आप्पा त्याला पहिल्यापासून 'म्हातारा' म्हणायचे, तेच पुरे. मी सांगितलं, एकूण एकोणीस सिनेमे आहेत, त्यातले सात-आठ चांगले, तेवढे बघू.

"सगळे बघायचे. वाडीत मी काय चांगल्याच वेली बांधतो काय?"

दुसऱ्या सिनेमापासून मी आमचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करू लागले, ते नणंदेसाठी. ती दातिवऱ्याला राहते, अंगणवाडीत काम करते, आणि आप्पांच्या काळजीने रोज फोन करायची. मी तिला रेकॉर्डिंग पाठवलं, त्यात आप्पा नायकाला शिव्या देत होते. तिचा फोन आला तेव्हा ती रडतही होती आणि हसतही होती. "वहिनी, किती महिन्यांनी आप्पा असे बोललेत! हे सगळ्यांना ऐकू दे. टाक नेटवर." पॉडकास्ट कसा टाकतात ते मी जेवणाच्या सुट्टीत एकेक व्हिडिओ बघून शिकले. आवाज घुमू नये म्हणून गाद्या रचलेल्या खोलीत, पंखा बंद करून, घामाघूम होत आम्ही बोलायचो. आधी मी सिनेमा सांगायची, आप्पा मध्येमध्ये अडवायचे. मग दोघं मिळून त्याची चिरफाड.

गावात बोलणं सुरू व्हायला वेळ लागला नाही. नात्यातल्या एका हळदीला आम्ही पंगतीत बसलो असताना नवऱ्याचे एक चुलतकाका शेजारच्याला म्हणाले, मला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, "सून-सासरा दार लावून गोऱ्यांचे सिनेमे बघतात आणि वर जगाला ऐकवतात. आंधळ्याला सिनेमा कशाला पायजे?"

मला शरम वाटली, हे कबूल करते. मी मान खाली घालून भात कालवत राहिले. आप्पा दोन पानं सोडून बसले होते. ते आवाजाच्या दिशेने वळले.

"डोळे गेलेत माझे, कान नाय. ऐकलं मी." आणि तेवढ्याच मोठ्याने मला विचारलं, "बाय, ह्या शुक्रवारी कितवा सिनेमा हाय आपला?"

चुलतकाका आपल्या पानाकडे बघू लागले. मी मान वर केली. "पाचवा, आप्पा," मी म्हणाले. माझाही आवाज चांगला मोठा निघाला.

नववा, दहावा, अकरावा हे त्या म्हाताऱ्याचे पडलेले सिनेमे. ऐकणारे तेव्हा फार तर शंभर असतील, त्यातले काही लिहू लागले, हे तीन गाळा, थेट बाराव्यावर या. अकरावा तर समीक्षकांनी अगदी धुऊन काढलेला. बंदरावरच्या एका कोळ्याची गोष्ट. मलाही तो कंटाळवाणा वाटला होता. पण आप्पा ऐकायला तयार नव्हते.

नायक बोटीच्या टोकाला कसा उभा राहून जाळं टाकतो ते मी सांगितलं, तेव्हा आप्पा खुर्चीतून उठलेच. "असा उभा राहिला तर जाळ्याबरोबर तोच जाईल पाण्यात! माहीमच्या कोणा पन कोळ्याला विचार." मी हसले. मग तो प्रसंग आला, ज्यावर सगळ्यांनी टीका केली होती. नवरा समुद्रातून परतलेला नाही आणि बायको स्वयंपाकघरात आहे. संवाद नाही, संगीत नाही. ती टेबल पुसते, बसते, उठते, तेच टेबल पुन्हा पुसते. म्हातारा कॅमेरा हलवतच नाही.

"अजून पुसतेच आहे," मी जरा वैतागून म्हणाले. "पुढे घेऊ का?"

"नको. पुसू दे तिला."

मी पुढे घेतलं नाही. रेकॉर्डिंगमध्ये फक्त शेजारच्या वाडीतला पंप ऐकू येतो. मग आप्पा म्हणाले, "तुझी सासू हास्पिटलात होती ना, तवा मी एकच वाफा तीनदा शिंपला. पानी वाहून चाललं होतं, तरी शिंपत होतो. कोनी बघितलं नाय." आणि थोड्या वेळाने, "ह्या सिनेमाला नापास कोनी केलं म्हणालीस?"

त्यातला एक शब्दही मी कापला नाही. तो भाग किती हातांतून फिरला कोण जाणे. डहाणूहून, नाशिकहून, कुठून कुठून लोकांनी लिहिलं. एका बाईंनी लिहिलं, माझी आई ओटा पुसायची.

मग मुंबईहून फोन आला. असे ऑडिओ कार्यक्रम करणाऱ्या एका कंपनीतला माणूस, फार गोड बोलणारा. मी कारखान्यातून निघाले होते, स्कूटर रस्त्याच्या कडेला घेऊन थांबले. बाजूने टँकर जात होते, त्यामुळे त्याला दोनदा तेच सांगावं लागलं. कल्पना उत्तम आहे, तुमचा आवाज चांगला आहे, स्टुडिओ आम्ही देऊ. फक्त दोन बदल. गाजलेले सातच सिनेमे घ्यायचे. आणि सासऱ्यांच्या जागी एक ज्येष्ठ नट.

"त्यांचं म्हणणं आपण लिहून घेऊ, शुद्ध मराठीत. ते हाय-नाय बाहेरच्या श्रोत्यांना कळत नाही हो."

मी एक दिवस मागून घेतला. का मागितला? मला मोह झाला म्हणून. स्टुडिओ, चांगला माईक, पंखा चालू ठेवून बोलता येईल अशी खोली. घरी येऊन आप्पांना सगळं जसंच्या तसं सांगितलं. ते म्हणाले, "तुला पायजे तर कर, बाय. मला काय?" आणि काठी घेऊन वाडीत निघून गेले. मागच्या दारातून मला ते दिसत होते. चाचपत एकेक वेल बांधत होते, आणि मला त्यांचा राग आला. हळदीत भर पंगतीला गप्प करणारा माणूस माझ्यासाठी असा सहज बाजूला होतो म्हणजे काय!

दुसऱ्या दिवशी मी फोन केला. "ते मराठीच बोलतात. ज्यांनी लिहिलंय त्या सगळ्यांना कळलं आहे. आणि सिनेमे एकोणीसच्या एकोणीस होणार."

"विचार करा, मॅडम. बोईसरला बसून अशी संधी पुन्हा येत नाही."

"नको येऊ दे," मी म्हणाले आणि फोन ठेवला. मला भीती मुळीच वाटत नव्हती.

आप्पांना सांगितलं तर त्यांनी नुसता चहा मागितला. पण त्या शुक्रवारी मी सुरुवात करायच्या आत त्यांनी फोन हाताने चाचपून जवळ ओढला आणि म्हणाले, "आमी माहीमवरून बोलतो. आमच्या बोलीत बोलतो. तुमाला नाय कळलं तर परत ऐका." तेव्हापासून प्रत्येक भाग याच वाक्यांनी सुरू झाला. चुलतकाकाही ऐकतात, असं नणंद सांगते. समोर कबूल करत नाहीत.

बरेचसे शुक्रवार कामांतच जात, त्यामुळे एकोणिसाव्या सिनेमापर्यंत यायला आम्हाला दीड वर्ष लागलं. मधल्या काळात तो धुरकट उजेडही गेला. आप्पांनी ते मला सांगितलं नाही. खिडकी उघडी आहे की बंद हे त्यांनी विचारलं तेव्हा मला कळलं. मी म्हणाले, या आठवड्यात राहू दे. त्यांनी साफ नकार दिला.

शेवटचा सिनेमा म्हाताऱ्याने ऐंशी ओलांडल्यावर काढलेला. सगळ्यांनी लिहिलं होतं, त्याने आता थांबायला हवं होतं. सिनेमा एका माणसाच्या अर्ध्या वाक्यावर संपतो. मी म्हणाले, "पडदा काळा झाला."

"झालं?"

"झालं. आप्पा, मला वाटतं तो थकला. शेवट सुचला नाही त्याला."

"थकला? कोन थकला? त्याला सांगायचं होतं तेवढं सांगितलं आनि उठला."

"वाक्य तरी पूर्ण करायचं!"

"का करायचं? तुला पायजे म्हणून?"

आम्ही चाळीस मिनिटं भांडलो. मी पुरावे दिले, आधीच्या अठरा सिनेमांचे शेवट एकेक करून मोजले. त्यांनी माझे सगळे पुरावे माझ्यावरच उलटवले, कारण प्रत्येक शेवट त्यांना माझ्यापेक्षा जास्त पाठ होता. दोघांपैकी कोणीही माघार घेतली नाही, आणि भाग तसाच बाहेर गेला.

रेकॉर्डिंग बंद करून मी पंखा लावला. "तू चुकतेस, बाय," आप्पा म्हणाले. मी म्हणाले, चुकता तुम्ही. मी चहा टाकला तरी ते बोलतच होते, आणि चहा पिऊन झाला तरी मीही.