मागील बाजू: कोरी

"हिला हातमोजे द्या," सर म्हणाले.

खोलीत आम्ही चौघी होतो. चार टेबलं, दोन स्कॅनर आणि मधोमध लोखंडी पेट्यांतून काढलेली जुनी पत्रं. सकाळपासून चौघीही उघड्या हातांनीच काम करत होतो. माझ्या शेजारची वर्षा तर बोटाला थुंकी लावून कागद उचलायची. तिला कुणी काही म्हटलं नाही. हातमोज्यांचा एकच जोड आला आणि तो माझ्यासमोर ठेवला.

त्याच्या पाचच मिनिटं आधी दादासाहेब येऊन गेले होते. पत्रं त्यांच्या घरची. त्यांचे पणजोबा मालगुजार होते, आसपासची गावंच्या गावं त्यांच्या हाताखाली. त्या घराण्याची पत्रं आणि चित्रं स्कॅन करून वेबसाईटवर टाकायची, असं विद्यापीठाच्या ग्रंथालयाने ठरवलं होतं. त्यासाठी सौंसरला एका बंद पडलेल्या शाळेच्या दोन खोल्या घेतल्या होत्या. सर या कामाचे प्रमुख. दादासाहेबांनी एकेकीला नाव विचारलं. मी सांगितलं. "पुरं नाव सांग," ते म्हणाले. मी आडनाव सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, सरांकडे पाहिलं.

"कागद नाजूक असतो," नंतर सर मला म्हणाले.

मी हातमोजे घातले. हे मी लपवणार नाही. मान खाली घातली आणि घातले. मे महिना होता, कूलर बिघडलेला, आतून हात घामाने ओलेचिंब व्हायचे. वर्षाने माझ्याकडे पाहिलं आणि मग खिडकीकडे पाहिलं.

गंमत अशी, की त्या खोलीत मोडी फक्त मलाच वाचता यायची. ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतल्यावर मी दर शनिवारी बसने नागपूरला जाऊन मोडी शिकले होते. सरांनाही ती लिपी येत नव्हती. म्हणजे पत्र वाचायचं मी, सांगायचं मी, संगणकात भरायचं मी. फक्त माझी कातडी कागदाला लागू द्यायची नव्हती.

तर नोंद कशी व्हायची, ते सांगते. प्रत्येक पत्राचा एक फॉर्म. पाठवणारा कोण, घेणारा कोण, तारीख, गाव, विषय. शेवटचा रकाना होता 'मागील बाजू'. त्यात दोनच पर्याय. 'मजकूर' किंवा 'कोरी'. दिवसाचं काम झालं की कागद छापून निघायचा. 'तपासले व बरोबर आढळले.' त्याखाली माझी सही.

मागची बाजू कोरी नव्हती. जवळजवळ प्रत्येक पत्रामागे दोन-तीन ओळी होत्या. मालगुजाराची चिठ्ठी माणूस पायी घेऊन जायचा. मोहगाव, लोधीखेडा, पार पांढुर्ण्यापर्यंत. वेठीचा माणूस. चिठ्ठी वाचून झाली की तीच तो परत आणायचा. त्याचं नाव, बापाचं नाव, जात, गाव मागे लिहिलेलं असायचं, म्हणजे चिठ्ठी उशिरा किंवा फाटून पोचली तर धरायचं कुणाला ते कळावं. आणि त्याच्याशी कसं वागायचं तेही. याला बाहेर बसवणे. याला पाणी वरून देणे.

पहिल्याच आठवड्यात मी सरांना हे दाखवलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला.

"मागचं काही घ्यायचं नाही. घराण्याची अट आहे. तू कोरी टाक."

"पण सर, कोरी नाही."

"तुला काम पाहिजे ना?"

पाहिजे होतं. करार सहा-सहा महिन्यांचा. ग्रंथालय सहाय्यकाच्या पक्क्या जागा निघणार होत्या, त्यात एक आमच्या लोकांसाठी राखीव. त्याला दोन दाखले लागत होते. अनुभवाचा दाखला सरांच्या हातात. जातीचा तहसीलच्या हातात. मी दोन्हीकडून धरलेली होते.

मी 'कोरी' टाकलं. मग रोज टाकत गेले. सुरुवातीला निदान उलटून वाचायची. आणि तरी बोट 'कोरी'वरच जायचं. पुढे पुढे मी पत्र उलटणंच सोडून दिलं. न पाहताच कोरी. याची मला जेवढी लाज वाटते, तेवढी हातमोज्यांचीही वाटत नाही.

एकदा एक चित्र आलं. मालगुजार घोडीवर बसलेले, आणि घोडीच्या पुढे काठी घेऊन पळणारा एक काळा, उघडा माणूस. दादासाहेबांनी माहिती लिहून पाठवली होती. मालगुजारांचं नाव, फेट्याचा प्रकार, घोडीचं नाव चंद्रा. पळणाऱ्या माणसाबद्दल एक अक्षर नाही. मी ते जसंच्या तसं भरलं. चंद्रा आज वेबसाईटवर आहे.

तिकडे तहसीलमध्ये माझी फाईल फिरत होती. आधी ती छिंदवाड्याला गेली. मग पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला, तर म्हणे तिकडून मागवावी लागेल. शेवटी सापडली ती त्रुटीचा शेरा घेऊनच. खिडकीतला बाबू म्हणाला, "सन पचासच्या पयलेचा कागद पायजे. तुमचे लोक तवा इथंच राहत होते, याचा."

"कोणता कागद?"

"शेतीचा, घराचा, कायचाबी."

"आमची शेतीच नव्हती."

"मंग मी का करू, बाई?"

माझी जात दादासाहेबांना एका आडनावात कळली. वर्षाच्या डब्याला कळली होती, तो माझ्यासमोर कधी उघडत नव्हता. घर भाड्याने देणाऱ्यांना तर मी फाटकातून आत यायच्या आधीच कळायची. फक्त सरकारला कळत नव्हती. तिथे पुरावा लागत होता.

चार खेपा झाल्या. दर वेळी तोच शेरा.

इकडे स्कॅनिंग संपत आलं. काम झालं की मूळ पत्रं घराण्याला परत, असं ठरलेलं होतं. शुक्रवारी दादासाहेबांची गाडी पेट्या न्यायला येणार होती. मंगळवारी आम्ही गठ्ठे बांधत होतो. एक पत्र निसटून जमिनीवर पडलं. उलटं पडलं. मी वाकले आणि सवयीने वाचलं.

'हे पत्र कवडू वल्द झोलू महार, राहणार रामाकोना, याजबरोबर पाठविले असे. याची भाकर वरून टाकावी. मुक्कामास ठेवू नये. आजच परत लावणे.'

मी खालीच बसले. हातमोजे काढले. अक्षरांवरून बोट फिरवलं.

आम्ही रामाकोन्याचे. माझ्या बाबांच्या आजोबांचं नाव कवडू. त्यांच्या बापाचं झोलू. पत्र उलटून तारीख पाहिली. पन्नासच्या कितीतरी आधीची. नाव, बाप, जात, गाव, तारीख. बाबूला जे जे पाहिजे होतं ते सगळं त्या तीन ओळींत होतं.

मी पत्र घेऊन सरांकडे गेले.

"सर, याच्या मागच्या बाजूची शिक्का मारलेली प्रत पाहिजे. माझ्या पणजोबाचं नाव आहे."

सरांनी पत्र उलटून पाहिलं. त्यांना वाचता येत नव्हतंच. त्यांनी संगणकावर नोंद काढली आणि पडदा माझ्याकडे वळवला.

"मागील बाजू: कोरी. नोंद कुणी केली?"

त्यांनी नोंद खाली सरकवली.

"सही कुणाची आहे?"

माझी होती. माझ्या पणजोबाला मीच कोरा करून टाकला होता. तारीखही होती, सात महिन्यांपूर्वीची. त्या दिवशी मी कागद उलटलाही नसणार.

सर वाईट माणूस नव्हते. तेच जास्त वाईट होतं. हळू आवाजात म्हणाले, "समजून घे. मी तुझ्याच बाजूचा आहे. पण हे निघालं तर घराणं सगळा संग्रह काढून घेईल. तुझा अनुभवाचा दाखला मी टाईप करून ठेवलाय. चांगला लिहिलाय. शुक्रवारी सही करून देतो."

म्हणजे शुक्रवारपर्यंत तोंड बंद.

पत्र पिशवीत टाकून नेता आलं असतं. कुणी पाहत नव्हतं. पण नेलं असतं तर त्यांना हवं तेच झालं असतं. चोर म्हणायला एक आडनाव तयारच होतं. मी पत्र गठ्ठ्यात परत ठेवलं आणि घरी आले.

बाबांना सांगितलं. बाबा आयुष्यभर जिनिंगमध्ये कापसाची गाठोडी उचलत आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. 'भाकर वरून टाकावी' मी दोनदा वाचून दाखवलं, कागदावर उतरवून आणलं होतं. 

"आजा घरातबी हात पुढे करत नोहता," ते म्हणाले. "जेवाले बसला का दुपट्टा पसरे. आजी बोंबले, अवो, मी बायको हावो तुमची, हातात घ्या ना. पण तो घेतच नोहता. म्हने, टाक वरून. आमी पोट्टे हासत जावो."

मी बापाला रडताना पहिल्यांदा पाहिलं. मला दुःख झालं नाही. राग आला, आणि तो आधी माझाच आला. त्या म्हाताऱ्याच्या हाताला आयुष्यभर जे चिकटून राहिलं होतं, त्यावर मी रोज कोरी, कोरी करत सह्या ठोकल्या होत्या.

"काय करू, बाबा?"

"दाखल्याचं पाय, बाई. सरशी भांडू नको," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, माझ्याकडे न पाहता, "बाकीच्याईचेबी नावं असतीन ना तिथं?"

होती. शेकड्याने होती.

बुधवारी सकाळी मी पहिली पेटी उघडली, बांधलेले गठ्ठे सोडले आणि पत्रं उलटी करून स्कॅनरखाली ठेवायला लागले. चोरून नाही. सगळ्यांसमोर. वर्षा म्हणाली, "अवं, काहून करून राहिली तू हे? जाशीन ना नोकरीतून." मी म्हटलं, "जाईन."

सर आले. "बंद कर."

"नाही करणार, सर."

त्यांनी खोलीची वीज बंद करायला लावली. केलेले स्कॅन बंद संगणकात अडकले. फोन आत आणायची परवानगी नव्हती, म्हणून मी वही काढली आणि खिडकीच्या उजेडात नावं उतरवायला बसले. कवडू वल्द झोलू. सोमा वल्द फागो. एकाच पत्रामागे एक बाईसुद्धा होती, नवरा तापाने पडला म्हणून चिठ्ठी घेऊन गेलेली. तिला नाव दिलेलं नव्हतं, फक्त नवऱ्याचं होतं. मी तसंच लिहून घेतलं.

दुपारी दादासाहेब स्वतः आले. गाडी दोन दिवस आधीच आणली होती.

"हे आमच्या घरचे पत्रं हायेत," ते म्हणाले.

"नेली-आणली आमच्या घरच्यांनी," मी म्हटलं.

"जुन्या गोष्टी उकरून का फायदा हाय? आता कोणी पाळते का हे सगळं?"

मी त्यांच्यासमोर हातमोज्यांचा जोड ठेवला. त्यांनी ड्रायव्हरला खूण केली. ड्रायव्हरने माझ्यासमोरून पेट्या उचलल्या. कवडूचं पत्र त्यातच गेलं. तोवर माझ्या वहीत पावणेदोन पेट्यांची नावं झाली होती. पेट्या नऊ होत्या. संध्याकाळी मला कामावरून कमी केल्याचं पत्र मिळालं. अनुभवाचा दाखला मिळाला नाही.

त्या राखीव जागेचा अर्ज मला भरता आला नाही. जातीचा दाखला आजही नाही. वेबसाईट सुरू झाली, मोठा कार्यक्रम झाला, दादासाहेबांना शाल-श्रीफळ दिलं. कवडूचं पत्र कुणीही उघडून पाहू शकतं. अक्षर सुंदर आहे. खाली लिहिलंय, मागील बाजू: कोरी.

मी शपथपत्र करून विद्यापीठात दिलं. त्यात लिहिलं, की या नोंदी मी केल्या, त्या खोट्या आहेत हे मला माहीत होतं, आणि सही माझी आहे. सोबत वहीतली सगळी नावं जोडली. टाईप करणारा म्हणाला, "बाई, हे तर सोताच्याच पायावर धोंडा मारून घेऊन राहिल्या तुमी. उद्या कोणतं ग्रंथालय ठेवणार तुमाले?" कदाचित कुठलंच नाही. मी सही केली. मग माहितीच्या अधिकारात विचारलं, की त्या पत्रांच्या मागच्या बाजू तपासल्या कुणी, आणि अट कोणत्या कागदावर आहे. उत्तर आलं नाही. मी अपील केलं.

उरलेल्या सव्वासात पेट्यांमधली नावं मला माहीत नाहीत. म्हणून आता रामाकोन्यापासून सुरुवात केली आहे. घरोघरी जाते, म्हाताऱ्यांना विचारते, तुमच्यातलं कोण चिठ्ठ्या न्यायचं? काही जण दार लावून घेतात. काही सांगतात. मी लिहून घेते आणि दर महिन्याला नवी यादी विद्यापीठाला पाठवते. ते ठेवून घेवोत की फेकून देवोत, आवकचा शिक्का मी मारून घेते. ती खोटी नोंद माझ्या हातची आहे. ती निघेपर्यंत मी त्यांच्या दारातून हलणार नाही.