कोरडी पट्टी, तुडुंब इंजिन

ट्रकदुरुस्तीच्या धंद्यात अडतीस वर्षे काढलेल्या मिस्त्रींना स्वतःच्या नाकाचा फार अभिमान होता. धुराचा वास घेऊन ते इंजिनाचा रोग सांगत, आणि सांगण्यापूर्वी क्षणभर डोळे मिटत. डोळे मिटण्याचे तसे काही कारण नव्हते. परंतु त्यामुळे गिऱ्हाईक वाद घालत नाही, असा त्यांचा अनुभव होता.

दातांच्या डॉक्टरबाईंनी त्यांना बोलावले ते वडिलांच्या गाडीसाठी. वडील जाऊन वर्ष झाले होते. गाडी पन्नास वर्षांची, शर्यतीच्या घाटाची, बुटकी. इंजिन मागच्या बाजूस, आणि तेही पाण्याने नव्हे तर वाऱ्याने थंड होणारे. असले इंजिन मिस्त्रींनी जन्मात उघडले नव्हते. ही गोष्ट बाईंना सांगणे त्यांना आवश्यक वाटले नाही.

महिनाभर उभ्या असलेल्या गाडीची किल्ली बाईंनी फिरवली आणि मागून निळसर धूर निघाला. मिस्त्रींनी तत्काळ हात वर करून इंजिन बंद करविले. मिनिटभर थांबले असते तर पुढचे सारे टळले असते. परंतु ज्याला सगळेच ठाऊक आहे त्याने थांबावे कशासाठी?

त्यांनी तेल मोजायची पट्टी ओढून पाहिली. ती ठणठणीत कोरडी होती.

"बाई, इंजिन उपाशी आहे," असे म्हणून त्यांनी तीन लिटर तेल ओतले.

दुसऱ्यांदा किल्ली फिरली तेव्हा धुराने गल्ली भरून गेली. समोरच्या इमारतीतील लोक दोरीवरचे कपडे गोळा करू लागले. मिस्त्रींनी डोळे मिटले.

"पिस्टनच्या रिंगा गेल्या. हिचं आता काही खरं नाही."

गाडी विकण्याचा विचार बाईंच्या मनाला कधी शिवला नव्हता. पण एवढ्या अनुभवी माणसाने हात टेकल्यावर त्या काय करणार? "सुटे भाग काढून विकणारा एक व्यापारी आहे. शनिवारी बोलावते त्याला," त्या म्हणाल्या, आणि गाडीच्या टपावर हात ठेवून बराच वेळ तिथेच उभ्या राहिल्या.

व्यापाऱ्याला गाडी तेल काढलेली हवी होती. म्हणून शनिवारी सकाळी मिस्त्री आपल्याच हाताखाली काम करणाऱ्या मेहुण्याला घेऊन गेले. इंजिनाखालचा बोल्ट सोडला आणि तेल येतच राहिले. एक डबा भरला, दुसरा भरला.

"दाजी, उपाशी म्हणालात ना हिला?" मेहुण्याने विचारले. "ही तर ढेकर देतेय."

"गप्प बस आणि डबा धर."

"धरलाय. तिसरा आणू का?"

मिस्त्री गाडीखाली सरकले. इंजिनापासून एक जाड नळी मागच्या उजव्या चाकाकडे गेली होती, आणि तिथे तेलाची स्वतंत्र टाकी होती. पट्टी त्या टाकीची होती. गाडी उभी राहिली की तेल टाकीतून झिरपून इंजिनात उतरते आणि पट्टी कोरडी दिसते. म्हणजे मोजायचे ते इंजिन तापवून, चालू ठेवून. त्यांनी भरल्या पोटी तीन लिटर पाजले होते. आणि पहिला धूर? या इंजिनाचे सिलिंडर उभे नव्हते, आडवे झोपलेले होते. उभ्या गाडीत त्यांच्यात थोडे तेल शिरते आणि सुरू होताना जळते. रोग नव्हताच, जो झाला तो इलाज करणाऱ्याच्या हातून.

मिस्त्री बराच वेळ गाडीखाली पडून राहिले. खरे सांगायचे तर तिथे त्यांचे काही काम उरले नव्हते. गप्प राहिले तर दुपारी गाडी जाईल आणि कोणालाही कळणार नाही. मेहुण्याला कळले होते. पण मेहुण्याचे घरातसुद्धा कोणी खरे मानीत नसे.

अखेर ते बाहेर आले आणि त्यांनी मोजून, लागेल तेवढेच तेल भरले.

व्यापारी आला. "मिस्त्रींनीच सांगितलंय म्हणजे तपासायला नको," तो बाईंना म्हणाला. "इंजिन गेलेलं धरू."

"इंजिन गेलेलं नाही," मिस्त्री म्हणाले. "मी चुकलो. तेल कसं मोजायचं तेच मला माहीत नव्हतं."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिले आणि किल्ली फिरवली. निळा धूर निघाला.

"हा काय मग?" व्यापारी हसला.

"थांबा जरा," मिस्त्री म्हणाले.

सायलेन्सरमध्ये साचलेले जुने तेल जळायला वेळ लागत होता. पहिले मिनिट गेले. मेहुणा डब्यांची झाकणे लावण्यात गढून गेला. मिस्त्रींना वाटले, आपण दुसऱ्यांदाही चुकलो. मग धूर विरळ झाला, तुटक झाला, आणि थांबला. इंजिन तापल्यावर त्यांनी ते चालू ठेवूनच टाकीतली पट्टी काढली. तेल दोन खुणांच्या बरोबर मध्ये होते.

बाईंनी व्यापाऱ्याला नमस्कार केला आणि तो गेला.

"सुरू करताना दर वेळी धूर येणार?" त्यांनी विचारले.

"बरेच दिवस उभी राहिली की येणार. चालवत जा, कमी येईल."

"मग बसा."

बसण्याची जागा इतकी खाली होती की मिस्त्रींचे गुडघे हनुवटीला लागले. गावाला वळसा घालून गाडी परतली तेव्हा त्यांना उठता येईना. बाईंनी एक हात धरला, मेहुण्याने दुसरा, आणि दोघांनी मिळून त्यांना बाहेर ओढून काढले.